पागेतली बिऱ्हाडे

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या जहागिरीची पागा घरे करून विकायला निघते, तेव्हा जाहिरातीत कमानीचे वर्णन असते, छपरावरच्या घड्याळाच्या मनोऱ्याचे असते, अठराव्या शतकात ती बांधवून घेणाऱ्या उमरावाचे नाव असते. त्यापुढचे वाक्य थेट आजच्या स्वयंपाकघराबद्दल असते. मधली शंभर वर्षे जाहिरातीत नाहीत. त्या शंभर वर्षांत या चौकात गाईंच्या धारा काढल्या गेल्या, बग्गीखान्यात ट्रॅक्टर उभे राहिले, मोतद्दारांच्या खोल्यांत शेतमजुरांनी संसार केले, मुले वाढवली. जाहिरातदाराने ते गाळावे हे समजू शकते. पण वारसा जपण्याचे काम ज्यांच्याकडे आहे तेही पुष्कळदा हा काळ गाळतात, आणि आमची तक्रार त्याबद्दल आहे.

या पागा किती मोठ्या होत्या हे आधी सांगायला हवे. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थची पागा जेम्स पेन या वास्तुविशारदाने १७६०च्या दशकात चौथ्या ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी बांधली. तिच्यात ८० घोड्यांची सोय होती. यॉर्कशरमधल्या वेंटवर्थ वुडहाउसची पागा जॉन कारची. तिथे ८४ घोडे राहत. तिचा मालक मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. जॉर्ज स्टब्सने रंगवलेला, लंडनच्या नॅशनल गॅलरीत भिंतभर उभा असलेला ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा त्याच्याच मालकीचा.

पागेची रचना साधारण सगळीकडे सारखी. मधे फरसबंद चौक, चारही बाजूंना इमारत, आत यायला एक उंच कमान, कमानीवर घड्याळ. घड्याळ शोभेचे नव्हते. जहागिरीवरच्या सगळ्या नोकरांचा दिवस त्याच्या ठोक्यांवर चाले. एका बाजूला घोड्यांची ठाणे, आजारी किंवा गाभण जनावराला मोकळे सोडता येईल अशा खोल्या, दुसऱ्या बाजूला बग्गीखाना. बग्गीखाना ठाणांपासून मुद्दाम दूर, कारण घोड्यांच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियाच्या वाफेने बग्ग्यांचे रोगण उतरे. खोगिरे आणि लगाम ठेवायच्या खोलीत शेगडी असे, नाहीतर त्या ओल्या हवेत चामड्याला बुरशी धरे. वर माळ्यावर गवत. ते वरूनच खाली गव्हाणीत सोडायचे. खिडक्या उंचावर, जमीन पक्क्या विटांची, मूत वाहून जावे म्हणून तिला खाचा आणि उतार. आणि माळ्याच्या एका टोकाला मोतद्दारांच्या खोल्या. रात्री घोडा बुजला, पोटशूळ उठून आपटू लागला तर आवाज कानावर पडावा एवढ्या जवळ त्यांची झोपण्याची जागा असे.

मग घोडे गेले. एका दिवसात गेले नाहीत, पण ऑगस्ट १९१४मध्ये लष्कराने देशभरातून घोडे ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत एक लाखाहून जास्त घोडे शेतांतून, शहरांतून, उमरावांच्या पागांतून निघून गेले. बहुतेक परतले नाहीत. तोवर मोटारही आली होती. डर्बीशरमधल्याच कॉल्क ॲबी या वाड्याचे मालक सर व्हॉन्सी हार्पर क्रू यांनी आपल्या जहागिरीत मोटारीला बंदी घातली होती. तशी माणसे थोडी. बाकीच्यांनी बग्गीखान्याची दारे रुंद करून घेतली. त्याहून मोठा घाव करांचा. मालक मेल्यावर त्याच्या मालमत्तेवर बसणारा कर १८९४मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा वरचा दर ८ टक्के होता. १९१९मध्ये सर्वांत मोठ्या जहागिरींसाठी तो ४० टक्क्यांवर गेला. युद्धात बाप आणि मुलगा दोघेही गेलेल्या घराण्यांत तो पाठोपाठ भरावा लागला. जमिनी विकल्या गेल्या, नोकर कमी झाले, आणि वाडे कोसळू लागले.

किती वाडे गेले हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९७४च्या प्रदर्शनात दाखवले तेव्हा इंग्रज हादरले. पाडलेल्या वाड्यांची शेकडो छायाचित्रे तिथे मांडली होती. पाडलेल्यांपैकी आपल्याशी नाते असलेला एक वाडा म्हणजे स्कॉटलंडमधला कॅसल न्यू. मुंबईत व्यापार करून श्रीमंत झालेल्या सर चार्ल्स फोर्ब्ज यांच्या घराण्याचा तो. त्यांचा पुतळा आजही मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीत आहे. कॅसल न्यू १९२७मध्ये पाडला गेला.

पण त्या उद्ध्वस्त काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. वाडा गेला आणि पागा राहिली. नॉटिंगहॅमशरमधला क्लंबरचा वाडा १९३८मध्ये पाडला, पागेची इमारत उभी आहे. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचा ईटन हॉल हा अवाढव्य व्हिक्टोरियन वाडा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला, तेव्हा प्रार्थनामंदिर, घड्याळाचा मनोरा आणि पागा ठेवली. याला अठराव्या शतकातला दाखलाही आहे. डॉर्सेटमधला ईस्टबरी हा व्हॅनब्रू या वास्तुविशारदाच्या आराखड्याचा प्रचंड वाडा. त्याचा वारस अर्ल टेम्पल याने वर्षाला २०० पौंड देऊ केले तरी तिथे राहायला कोणी तयार होईना, असे सांगतात. शेवटी १७७५नंतर तो उतरवला. पागेकडची एक बाजू तेवढी ठेवली, ती घर झाली आणि आजही घर आहे.

वाडा का जातो आणि पागा का राहते? शंभर खोल्यांचा वाडा कोणालाच नको असतो. त्याच्या छपराचे शिसे, त्याच्या शंभर चुली, त्याची ओल यांना पुरे पडेल असे उत्पन्न लागते. पागेला शेतकरी मिळतो. जिथे घोडा बांधला तिथे गाय बांधता येते. मोकळ्या खोलीत गाय व्यायला ठेवता येते, वासरे वाढवता येतात. बग्गीखान्याच्या दारातून ट्रॅक्टर आत जातो. माळ्यावर धान्य राहते. चौक म्हणजे तयार गोठ्याचे आवार, एक फाटक लावले की जनावरे बाहेर जात नाहीत. वारसा वगैरे मनात न आणता शेतकऱ्याने दरवर्षी गळणाऱ्या कौलांच्या जागी कौले घातली, कारण खाली त्याचा चारा होता. इंग्लंडच्या अनेक पागा राज्याच्या कायद्याने वाचवण्याआधी या कौलांनी वाचवल्या. उमरावाने ती बांधली हे खरे. शेतकऱ्याने ती टिकवली हेही तितकेच खरे, आणि दुसरी गोष्ट कुठल्याही फलकावर लिहिलेली आढळत नाही.

बिऱ्हाडांचे तसेच. मोतद्दारांच्या दोन-तीन खोल्या जोडून एक घर केले, मधे भिंत घातली, चौकातून वर जाणारा दगडी जिना घराचा जिना झाला. खोगीरखान्यात आधीच धुराडे होते, तिथे चूल आली. या घरांत गवळी राहिला, मेंढपाळ राहिला, नांगर हाकणारा राहिला. त्यांचे आयुष्य गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. घर नोकरीशी बांधलेले असे. नोकरी सुटली, हात मोडला, नवरा मेला की घर सोडावे लागे. मालकाशी भांडण करायचे तर बायकामुलांना रस्त्यावर आणण्याची तयारी ठेवून करावे लागे. शेतमजुरांच्या संघटनांनी याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला आणि १९७६च्या कायद्याने पुष्कळशा शेतमजुरांना अशा घरांत राहण्याची सुरक्षितता मिळाली. पागेच्या चौकातल्या त्या बिऱ्हाडांत हा सगळा इतिहास आहे. इंग्लंडच्या खेड्याचा खरा इतिहास लिहायचा तर घोड्याच्या ठाणाइतकीच ती खोलीही महत्त्वाची आहे.

तरीही नूतनीकरण करणारे पहिला हातोडा नेमका इथेच घालतात. गाईंसाठी बांधलेले काँक्रीटचे कट्टे, पत्र्याचे पडवीवजा छप्पर, लाकडी गव्हाणीला जोडलेली नळाची तोटी, मजुराच्या घराच्या पातळ भिंती, हे सारे ‘नंतरची भर’ म्हणून निघते. खाली अठरावे शतक सापडते, ते घासूनपुसून दाखवले जाते. काही भर काढावीच लागते, हे मान्य. ओल धरणारे सिमेंट काढायलाच हवे. पण सगळीच भर कचरा मानण्याची जी वृत्ती आहे तिच्याशी इंग्लंडमध्येच दीडशे वर्षांपूर्वी भांडण झालेले आहे. विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच मुद्द्यावर. चर्चच्या इमारती खरवडून एका ठरावीक ‘शुद्ध’ काळात नेऊन बसवण्याला त्यांचा विरोध होता. इमारतीवर जितके काळ उमटले आहेत तितके राहू द्या, दुरुस्ती करा, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चसाठी जे पटले ते गोठ्यासाठी का पटू नये?

हे जमते याचे दाखले आहेत. वेल्समधला एर्डिगचा वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे १९७३मध्ये आला. तिथे येणाऱ्याला पुढच्या दरवाजाने न नेता सुताराच्या, नोकरांच्या, घोड्यांच्या आवारातून आत नेण्याचे ठरले, आणि घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या काढून घेतलेली नोकरांची चित्रे पाहताना माणसाला ते आवार आधी डोळ्यांखालून गेलेले असते. कॉल्क ॲबी १९८५मध्ये ट्रस्टने घेतले तेव्हा तर खरवडण्याच्या अगदी उलट निर्णय झाला: सोलवटलेला कागद, भरलेल्या अडगळीच्या खोल्या, सगळे आहे तसे थोपवून धरायचे. दोन्ही ठिकाणी लोक भरभरून येतात. वाड्याच्या बाबतीत एवढी हिंमत दाखवता येते तर गोठा झालेल्या पागेच्या बाबतीत ती अवघड नाही.

आता घरे करण्याविषयी. पागा घरांसाठी वापरू नयेत असे आमचे मत नाही. आजचे कापणीयंत्र कमानीतून आत येत नाही. शेतकरी शेजारी पोलादी शेड उभारतो आणि जुना चौक मोकळा पडतो. १९९५च्या कायद्यानंतर सुरू झालेल्या कुळांना जुन्या कुळांसारखी आयुष्यभराची हमी नाही. मुदत संपली की मालक इमारती परत घेतो आणि घरे करायला काढतो. रिकामी पागा दहा वर्षांत खचते. राहते घर झाले तर ती वाचते, हे खरेच आहे.

फक्त ते काम पागेचा स्वभाव ओळखून व्हायला हवे. दीडशे वर्षे घोडे आणि मग शंभर वर्षे गाई जिथे बांधल्या, तिथल्या विटा मुतातल्या क्षारांनी भिजलेल्या असतात. घर झाले, आत उष्णता आली, की तो क्षार बाहेर येतो आणि भिंतीला लोणा धरतो. वर सिमेंटचा किंवा जिप्समचा गिलावा केला तर तो फुगून पडतो, आणि घरमालक ओल समजून आणखी सिमेंट लावतो. चुन्याचा गिलावा, भिंतीला श्वास, आणि थोडा धीर एवढाच उपाय. दुसरे म्हणजे खिडक्या. पागेची बाहेरची भिंत बहुतेक ठिकाणी बंद असते, तिचा सगळा चेहरा चौकाकडे. प्रत्येक घराला बाहेरचा देखावा हवा म्हणून त्या भिंतीला भोके पाडली की इमारत इमारत राहत नाही. चौकात प्रत्येक घराची वेगळी कुंपणे घातली की चौकही जातो. माळ्यावर वटवाघळे असतात. १९८१च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांची पाहणी केल्याशिवाय छपराला हात लावता येत नाही. हा नियम अनेकांना जाच वाटतो. आम्हाला तो आवडतो, कारण माळ्यावर आधीपासून राहणाऱ्याची दखल घेणारा तो एकुलता एक नियम आहे.

माणसांसाठी असा नियम नाही. वारसायादीतल्या इमारतीला काही करायचे तर परवानगी लागते. यादीतल्या वाड्याच्या आवारात १ जुलै १९४८पूर्वीपासून उभी असलेली पागाही त्या संरक्षणात येते. कमान, घड्याळ, गव्हाणी, तुळया, सगळ्यांची विचारपूस होते. यादीबाहेरच्या शेतीइमारतींना तर २०१४पासून पूर्ण परवानगीशिवायही घर होण्याची वाट मोकळी आहे, आणि २०२४मध्ये ती वाट एका शेतावर १० घरांपर्यंत रुंद केली. या साऱ्यात ‘इथे राहणार कोण?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शेतमजुरानेच राहावे अशी अट घातलेली घरे आहेत; पण ती अट बहुधा उघड्या रानात नव्याने बांधलेल्या घराला घालतात, पागेच्या रूपांतराला क्वचितच.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. देखण्या प्रदेशांत ही घरे सुटीसाठी जातात. शनिवारी चौकात गाड्या येतात, सोमवारी जातात, आणि हिवाळाभर मनोऱ्यावरचे घड्याळ कुणासाठीच वाजत नाही. ज्याच्या आजोबाने त्या चौकात धारा काढल्या तो पंचवीस मैलांवरच्या गावात भाड्याने राहतो आणि रोज गाडीने त्याच शेतावर कामाला येतो. सरकारला हे कळू लागले आहे. सुटीसाठी भाड्याने दिलेल्या सुसज्ज घरांची वेगळी करसवलत एप्रिल २०२५मध्ये रद्द झाली, आणि त्याच महिन्यापासून इंग्लंडमधल्या नगरपरिषदांना दुसऱ्या घरावर दुप्पट स्थानिक कर घेण्याचा अधिकार मिळाला. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जच्या मतदारांनी २०१६मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवले की नवीन बांधलेले घर कायम राहणाऱ्यालाच मिळावे. हीच अट पागेतून होणाऱ्या घरांना का लावू नये? आठ घरांपैकी चार तरी वर्षभर राहणाऱ्यांसाठी, त्यातले एक त्या जमिनीवर काम करणाऱ्यासाठी, एवढे मागणे फार नाही.

यावर उत्तर येते की अशा अटींनी किमती उतरतील आणि मग दुरुस्तीचा पैसा कुठून येईल. प्रश्न खरा आहे. दगडी कमान, शिशाची पन्हळ यांचा खर्च साध्या घरात निघत नाही. पण नॉरफोकमधल्या गंटन हॉलचे उदाहरण पाहावे. १८८२च्या आगीत निम्मा भस्मसात झालेला तो वाडा किट मार्टिन यांनी १९८०च्या सुमारास घेतला. वाडा आणि भोवतालच्या जुन्या इमारती यांची त्यांनी स्वतंत्र घरे केली, मोठ्या दालनांचे तुकडे न करता, बाग आणि रान न विकता. ती घरे राहती आहेत. आणि घरेच हवीत असेही नाही. नॉटिंगहॅमशरमधल्या वेलबेकच्या जहागिरीत आगीचे बंब ओढणारे घोडे जिथे बांधत त्या पागेत २००९पासून पाव, चीज, मांस टिकवण्याच्या जुन्या पद्धती शिकवणारी शाळा चालते. शिकायला बाहेरून लोक येतात, शिकलेले आसपास धंदे काढतात. ज्या इमारतीत एकेकाळी कामकरी माणसे होती तिथे पुन्हा कामकरी माणसे आहेत.

शेवटची गोष्ट लगेच करण्यासारखी आहे आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. जुन्या इमारतीचे रूपांतर करण्याआधी तिची नोंद करायची तर हिस्टॉरिक इंग्लंड या वारसासंस्थेच्या पद्धतीत त्या नोंदीच्या १ ते ४ अशा पातळ्या आहेत: छायाचित्रे, मोजमापे, नकाशे, तुळयांचे सांधे. नोंद घेणारा माणूस तिथे येतो, आठवडाभर राहतो, भिंत न्‌ भिंत मोजतो. त्याने त्याच आठवड्यात या घरांत वाढलेल्या दोघा-तिघांना गाठावे. १९५०च्या दशकात तिथे लहान असलेली मुले आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत, बरीचशी त्याच पंचक्रोशीत आहेत. कोणत्या खोलीत किती जण झोपत, पाणी कुठून आणत, कोणत्या ठाणात कोणती गाय होती, घर सोडा म्हणून नोटीस कधी आली, हे त्यांना विचारावे आणि मोजमापांच्या त्याच अहवालात, त्या त्या खोलीच्या नकाशाशेजारी लिहावे. असा अहवाल जोडलेला नसेल तर रूपांतराची परवानगी देऊ नये.